बोर्ड कोणतं, पुस्तकं कोणती आणि क्लास कधी?

*"माझी मुलगी येत्या जुलैत पंधरा पूर्ण करेल. चौथीपर्यंत मराठी माध्यमाच्या शाळेत होती. लॉकडाऊनमध्ये घरी शिकायला लागली, तिथेच रमली आणि आम्हीही तिला परत पाठवलं नाही. आजवर ठरावीक असा अभ्यासक्रम आम्ही पाळलेला नाही. गणित तिचे बाबा घेतात, बाकीचं ती वाचत असते. तीन पावसाळे झाले, गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून ती रोजच्या पावसाची नोंद करते, शेजारच्या विहिरीची पातळी मोजते. आता मात्र घरात रोज एकच विषय आहे. नणंद म्हणते, एनआयओएस म्हणजे नापास मुलांचं बोर्ड. यांचं म्हणणं, आत्ताच इंजिनिअरिंगच्या जेईई या प्रवेश परीक्षेसाठी फाउंडेशन बॅचला घालू, नाहीतर उशीर होईल. आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचं वर्षाचं पॅकेज विकणारा एक जण सारखा फोन करतो. तिला इंजिनिअरिंगकडे जायचंय की जीवशास्त्राकडे, हे तिचंच ठरलेलं नाही. कोणता अभ्यासक्रम घ्यावा? आणि प्रवेश परीक्षेच्या तयारीला लागायचं कधी? रात्र रात्र झोप लागत नाही." — एक आई, सातारा जिल्हा*

प्रिय ताई,

तुम्ही अभ्यासक्रमाबद्दल विचारलंय, पण पत्रात खरं तर तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. दहावी-बारावीचं प्रमाणपत्र कोणाकडून घ्यायचं, हा एक. रोज शिकायचं कोणत्या पुस्तकांतून, हा दुसरा. आणि प्रवेश परीक्षेची तयारी कशी करायची, हा तिसरा. शाळेत जाणाऱ्या मुलांची ही तिन्ही कामं एकाच छपराखाली होतात, म्हणून ती एकच आहेत असं आपल्याला वाटायला लागतं. तुमच्या मुलीला ती तीन ठिकाणांहून मिळवता येतील, आणि माझं स्पष्ट मत आहे की तशीच मिळवावीत. तुम्हाला फोन करणारा माणूस तिन्हींची एकच मोट बांधून विकतोय, त्यामुळे तुमचा गोंधळ वाढलाय. तिन्ही सुटं केलंत की प्रत्येकाचं उत्तर बरंच सोपं आहे.

आधी प्रमाणपत्र, कारण चुकलं तर नंतर दुरुस्त करायला सगळ्यात अवघड तेच. आपल्या देशात बारावीच्या मान्य प्रमाणपत्राशिवाय पदवीचं दार जवळपास उघडत नाही, मग मूल कितीही हुशार असो. २०१६ मधली एक गोष्ट तुम्ही कदाचित वाचली असेल. मुंबईत घरी शिकलेल्या एका मुलीनं संगणक प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पदकं मिळवली होती. दहावी-बारावी झालेली नसल्यामुळे आयआयटीचा रस्ता तिच्यासाठी बंद होता. तिला अमेरिकेतल्या एमआयटीनं घेतलं. ही बातमी 'प्रमाणपत्र नसलं तरी चालतं' म्हणून सांगितली जाते. मी ती उलट्या बाजूनं वाचते: इतकी पदकं असूनही इथलं दार उघडलं नाही. तेव्हा प्रमाणपत्र घ्यायचंच.

आता नणंदेच्या बोलण्याबद्दल. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस, १९८९ मध्ये सुरू झाली आणि ती केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखालची स्वायत्त संस्था आहे. शाळा सुटलेली, कामाला जाणारी, नापास झालेली मुलं तिथून परीक्षा देतात हे खरं आहे, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. त्यांच्याबरोबर खेळाडू, नर्तक, आजारपणामुळे शाळा बुडालेली आणि घरी शिकणारी मुलंही देतात. जेईई मेनच्या पात्रतेच्या यादीत एनआयओएसचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. अट एवढीच की बारावीला किमान पाच विषय हवेत. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या बाबतीत मात्र खरोखरच अडचण होती. मुक्त विद्यालयाच्या मुलांना वैद्यकीय प्रवेश नाकारणारा एक जुना नियम होता. दिल्ली उच्च न्यायालयानं तो २०१८ मध्ये रद्द केला आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो वाद मिटला. आज ही मुलं नीट देऊ शकतात. नणंदेनं जे ऐकलंय ते कदाचित त्या वादाच्या काळातलं असेल. चिडू नका, एवढं सांगा आणि सोडून द्या.

तुमच्या मुलीसाठी मी एनआयओएसच सुचवेन. चौदा पूर्ण झाली की तिथे दहावीला बसता येतं, म्हणजे ती आत्ताच पात्र आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षं चालतो, त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि विषय एकेक करून सोडवता येतात. याचा उपयोग नीट लक्षात घ्या. कॉलेजात जाणारी मुलगी बारावीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळे विषय एका दमात लिहिते आणि मधल्या दिवसांत जेईईचाही विचार करते. तुमची मुलगी इंग्रजी आधीच्या एखाद्या सत्रात संपवून शेवटचं वर्ष विज्ञान आणि गणितासाठी मोकळं ठेवू शकते. पूर्ण पाच विषयांच्या बारावीसाठी दहावीनंतर दोन वर्षांचं अंतर मात्र लागतं. त्यामुळे घाईघाईनं दहावी उरकली तर बारावी आपोआप लवकर होईल, असा हिशेब करू नका.

विषय निवडताना इथे एक जागा आहे जिथे पालक फसतात. एनआयओएसमध्ये भाषा म्हणून इंग्रजीच घ्यावी अशी सक्ती नाही. मूल मराठी माध्यमातलं असलं की साहजिकच मराठी किंवा हिंदी घ्यावीशी वाटते आणि इंग्रजी राहून जातं. नीटसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र यांच्याबरोबर इंग्रजीही उत्तीर्ण असावं लागतं. हे कळतं तेव्हा अर्ज भरायची वेळ आलेली असते. तुमच्या मुलीचं इंजिनिअरिंग की जीवशास्त्र हे ठरलेलं नाही ना? मग इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र असे पाच विषय घ्या. पाचही होतात आणि दोन्ही रस्ते खुले राहतात. आणखी एखादी भाषा हवी असेल तर जादा विषय म्हणून घेता येईल. जास्तीत जास्त सात विषयांपर्यंत मुभा आहे. अकरावीच्या वयात गणित नाहीतर जीवशास्त्र सोडायला लावणं मला नेहमीच खटकतं, आणि तुमच्या घरात तर पावसाचं गणित आणि विहिरीचं पाणी एकाच वहीत आहे.

तुमच्या यजमानांना दुसरी एक गोष्ट वाचून दाखवा. आयआयटी, एनआयटी आणि जेईईच्या गुणांवर प्रवेश देणाऱ्या केंद्राच्या इतर तंत्रशिक्षण संस्थांमध्ये बारावीला किमान ७५ टक्के गुण लागतात, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे साधारण वरच्या वीस टक्के मुलांत, असावं लागतं. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी ही मर्यादा ६५ टक्के आहे. एनआयओएस म्हणजे सोपं, ३३ टक्क्यांना पास, असं समजून मुलं सगळं लक्ष जेईईकडे देतात. मग जेईईत चांगले गुण मिळतात आणि बारावीला ६८ टक्के. बोर्डाची उत्तरपत्रिका लिहिण्याचाही सराव लागतो, तो गृहीत धरू नका. एनआयओएसचे स्वतःचे गृहपाठ असतात, ज्यांना टीएमए म्हणतात. त्यांचे गुण निकालात धरले जातात, म्हणून ते शेवटच्या आठवड्यात कुठून तरी उतरवून देण्याचा प्रकार करू नका. विज्ञानाच्या विषयांना प्रॅक्टिकलचे गुण असतात आणि प्रॅक्टिकल नेमून दिलेल्या अभ्यास केंद्रात करावं लागतं. केंद्र निवडण्याआधी तिथे स्वतः जा आणि प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा. काचेच्या कपाटावर धूळ असेल तर दुसरं केंद्र बघा, थोडं लांब पडलं तरी चालेल. स्प्रिंग, लंबक, ब्युरेट या गोष्टी हाताळल्याशिवाय विज्ञान शिकल्याचं मी मानत नाही.

दुसरे पर्याय थोडक्यात सांगते. राज्य मंडळाची दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मंडळाच्या पुस्तकांची आणि राज्याच्या प्रवेश परीक्षेची, म्हणजे एमएचटी-सीईटीची, सांगड चांगली आहे, पण विषय हवे तसे विभागून देण्याची मोकळीक एनआयओएसइतकी नाही. केंब्रिजचे आयजीसीएसई आणि ए लेव्हल (आपल्या दहावी-बारावीसारखे) चांगले अभ्यासक्रम आहेत. खाजगी उमेदवार म्हणून ते देता येतात, फक्त परीक्षा घेणारं केंद्र तुम्हाला शोधावं लागतं आणि दर विषयाचं शुल्क मोठं असतं. परदेशात शिकायला पाठवायचं पक्कं असेल आणि पैशाची तजवीज असेल, तरच त्या वाटेला जा. इथल्या प्रवेश परीक्षांसाठी त्यातून काही जादा पदरात पडत नाही, उलट समकक्षता सिद्ध करण्याचं एक काम वाढतं. आणि दहावीनंतर तिला मैत्रिणी हव्याशा वाटल्या, कॉलेजात जावंसं वाटलं, तर एनआयओएसच्या दहावीवर अकरावीच्या ऑनलाइन प्रवेश प्रक्रियेत अर्ज करता येतो. तो पर्याय तिच्यासमोर उघड ठेवा. घरी शिकणं ही तिच्यावरची शिक्षा होता कामा नये.

आता पुस्तकं. इथे माझं उत्तर तुम्हाला फार साधं वाटेल: पॅकेज घेऊ नका. एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राची पाठ्यपुस्तकं पाठीचा कणा म्हणून धरा. ती संकेतस्थळावर फुकट आहेत, आणि जेईई मेन, नीट, केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी या सगळ्यांचा अभ्यासक्रम त्यांच्याच आसपास फिरतो. एनआयओएसची स्वतःची पुस्तकं प्रवेशाबरोबर मिळतात. ती बोर्डाच्या परीक्षेसाठी. एमएचटी-सीईटी द्यायची असेल तर बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं लागतील, तीही मोफत उतरवून घेता येतात. सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतात. ही तीन प्रकारची पुस्तकं एकमेकांवर इतकी येतात, की एक धडा नीट कळला की उरलेल्या दोन्हींमध्ये जे वेगळं आहे तेवढंच वाचायचं उरतं. एकदम तिन्ही उघडून बसलात तर मात्र डोकं गरगरेल.

कोणतं पुस्तक चांगलं हे मला विचारण्यापेक्षा तिलाच ठरवू द्या. एकच धडा घ्या, समजा 'गती'. तो एका आठवड्यात एनसीईआरटीतून आणि पुढच्या आठवड्यात बालभारतीतून वाचू द्या. कोणतं पुस्तक ती न सांगता पुन्हा उघडते, कुठे पेन्सिलीनं खुणा करते, कुठलं सोडवलेलं उदाहरण झाकून स्वतः सोडवायला बघते, ते पाहा. त्यातून जे कळेल ते कुठल्याही विक्रेत्याला सांगता येणार नाही.

पर्जन्यमापकाचा तुम्ही उल्लेख केलात, जवळपास जाता जाता. मला पत्रातली ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. समजा तुमची गच्ची साठ चौरस मीटर आहे आणि पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला, तर गच्चीवर दीड हजार लिटर पाणी पडलं. विहिरीचा व्यास मोजलात तर पातळी एका फुटानं वाढली म्हणजे किती पाणी आलं, हे काढता येतं. पाऊस पडल्यावर विहीर किती दिवसांनी वाढते, याचा आलेख काढता येतो. एकके, घनफळ, सरासरी, सहसंबंध, जमिनीत मुरणारं पाणी, मोजमापातली चूक हे सगळं यात आहे. तीन पावसाळ्यांची स्वतः घेतलेली नोंद ही बऱ्याच महागड्या शाळांतल्या प्रकल्पांपेक्षा मोलाची आहे. तिला ती वही बाजूला ठेवून 'आता खरा अभ्यास कर' असं कोणीही म्हणू नका. त्या वहीतल्या आकड्यांवर गणिताच्या धड्यातली सूत्रं वापरून बघायला सांगा. अभ्यासक्रम त्याभोवती बसवता येतो.

माध्यमाचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. जेईई मेन आणि नीट या दोन्ही मराठीतून देता येतात. आयआयटीसाठीची पुढची परीक्षा, जेईई ॲडव्हान्स्ड, मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते, आणि पुढची पुस्तकं बहुतेक इंग्रजीत. तेव्हा कल्पना मराठीत पक्की होऊ द्या आणि संज्ञा दोन्ही भाषांत शिकवा. त्वरण आणि ॲक्सिलरेशन, संवेग आणि मोमेंटम अशी जोडी तिच्या एका वहीत लिहून ठेवली की वर्षभरात इंग्रजी पुस्तकाची भीती जाते. त्यासाठी इंग्रजी संभाषणाचा क्लास लावायची गरज नाही.

आता यजमानांचा मुद्दा, फाउंडेशन बॅच. त्यांची काळजी मी समजू शकते. आजूबाजूची आठवीतली मुलं क्लासला जाताना दिसतात आणि आपलं मूल मागे राहील असं वाटतं. तरी मी ठामपणे सांगते, आत्ता घालू नका. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये, दहावीची परीक्षा झाल्यावरच प्रवेश द्यावा, असं म्हटलंय. चौदा-पंधराव्या वर्षी सूत्रांचं पाठांतर आणि दर रविवारी क्रमांकाची यादी, यानं मुलं विषयालाच विटतात. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की याबद्दल सौम्य बोलणं मला जमत नाही. शिवाय तुमच्या मुलीचा दिवस तिचा स्वतःचा आहे. रोज चार तास क्लास आणि दोन तास प्रवास असं झालं, तर घरी शिकण्याचा सगळा फायदाच गेला.

पण 'आत्ता नको' म्हणजे 'काहीच नको' असं नाही. घरी शिकणाऱ्या मुलांना ज्ञान कमी पडत नाही. त्यांना घड्याळाची सवय नसते. त्यांनी कधी दुसऱ्यानं काढलेला पेपर अनोळखी खोलीत बसून, ठरलेल्या वेळात, उठायची परवानगी नसताना सोडवलेला नसतो. एखादं उदाहरण अडलं की ती त्याच्या मागे तासभर लागतात. शिकताना हा मोठाच गुण आहे, परीक्षेत मात्र त्यानं घात होतो. म्हणून दहावीच्या वर्षापासून आठवड्यातून एकदा, दीड तासाचा पेपर, घराबाहेर बसून. गावातलं वाचनालय चालेल, ओळखीच्यांची खोली चालेल. पेपर एनआयओएसच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतला. बेल झाली की पेन खाली. पहिल्या काही वेळा पेपर अर्धा राहील, ती रडेलही कदाचित. त्या वेळी गुणांबद्दल एक शब्द बोलू नका. राहिलेला भाग दुसऱ्या दिवशी शांतपणे सोडवू द्या.

दहावी झाली की प्रवेश परीक्षांचे नमुने तिच्यासमोर ठेवा, कारण त्या एकसारख्या नाहीत. जेईई मेनला तीन तासांत ७५ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सुमारे दोन मिनिटं चोवीस सेकंद. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न. एमएचटी-सीईटीत भौतिक आणि रसायनशास्त्र मिळून शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत, म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद, आणि गणिताचे पन्नास प्रश्न पुढच्या नव्वद मिनिटांत. विषय तेच, पण एका ठिकाणी विचार करायला सवड आहे आणि दुसरीकडे हात चालवावा लागतो. विचारात रमणाऱ्या मुलीला जेईईचा पेपर सीईटीपेक्षा आपलासा वाटला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. सीईटीसाठी वेगाचा सराव वेगळा करावा लागेल.

गुणांच्या पद्धतीचा हिशेबही तिलाच करायला द्या, संभाव्यतेचा धडा त्यातच होऊन जाईल. जेईईत बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा. चार पर्यायांतून डोळे झाकून एक निवडला, तर सरासरीनं पाव गुण पदरात पडतो. एक पर्याय खात्रीनं खोडता आला, तर ती सरासरी दोन तृतीयांश गुणापर्यंत जाते. एमएचटी-सीईटीत वजा गुणच नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मुलांना 'अंदाजानं लिहू नकोस' किंवा 'काहीतरी ठोकून दे' असं नुसतं सांगितलं तर पटत नाही. स्वतः आकडा काढला की पटतं. सरासरी पाव गुण म्हणजे प्रत्यक्षात बहुतेक वेळा वजा एक, हेही ती मग स्वतःच दाखवून देईल.

क्लास लावायचाच असेल तर अकरावीच्या वयात, आणि तोही एखाद्या विषयाचा. बाबा गणित घेतात, उत्तम. रसायनशास्त्रासाठी कोणी तरी हवं असेल, कारण ते घरी एकट्यानं वाचून जरा कोरडं वाटतं. जवळच्या कॉलेजातल्या एखाद्या शिक्षकाकडे आठवड्यातून दोनदा जाणं पुरेल. शेवटच्या वर्षी एखादी चाचणी मालिका घ्या, संगणकावर सोडवायची, कारण जेईई आणि सीईटी संगणकावरच होतात. जेईई मेन घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात, त्या आधी संपवा. प्रत्येक चाचणीनंतर चुकलेले प्रश्न एका वहीत, आणि पुढे कारण: कळलंच नव्हतं, कळलं होतं पण आकडेमोड चुकली, की प्रश्न नीट वाचला नाही. तिसऱ्या प्रकारच्या चुका सुरुवातीला सगळ्यात जास्त निघतात. पहिल्या प्रकारासाठी पुस्तकाकडे परत जायचं. उरलेल्या दोन्हींसाठी नवं काही शिकायचं नसतं, सराव लागतो.

यजमानांना आणखी एक सांगावंसं वाटतं. त्यांच्या बोलण्यात जेईई म्हणजेच भविष्य असं दिसतं. ज्या मुलीला पाऊस मोजावासा वाटतो, तिच्यासाठी आयसर या केंद्राच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा बघा. त्यात जीव, रसायन, गणित आणि भौतिक या चारही विषयांचे प्रत्येकी पंधरा प्रश्न असतात; मी वर सुचवलेले पाच विषय तिथे नेमके उपयोगी पडतात, आणि एक आयसर पुण्यातच आहे. गणितात फारच रमली तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट स्वतःची परीक्षा घेते. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी आहे. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय यांसारख्या इंजिनिअरिंग संस्थांचे बहुतांश प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतात, आणि कृषी पदवीचे प्रवेशही त्याच परीक्षेवर. सगळ्या परीक्षा द्यायच्या नाहीत. दोन, फार तर तीन. पण कोणत्या दोन, हे सतराव्या वर्षी ठरवलं तरी चालतं. आत्ता रात्र जागवायची गरज नाही.

नीट देण्यासाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सतरा वर्षं पूर्ण लागतात. तुमच्या हिशेबानं ती अडचण येत नाही. नियम आणि प्रश्नांची रचना मधूनमधून बदलते, तेव्हा अर्ज भरायच्या वर्षी त्या त्या परीक्षेची माहिती पुस्तिका आधी पूर्ण वाचायची. कोणी सांगितलं म्हणून पुढे जायचं नाही, मी सांगितलं म्हणूनही नाही.

कागदपत्रांचं काम मात्र लगेच हातात घ्या. शाळेचा चौथीनंतरचा दाखला काढला होता का? नसेल तर आत्ताच काढा. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच आहे का, हे पाहा. फरक असेल तर दहावीचा अर्ज भरण्याआधी दुरुस्त करून घ्या, कारण दहावीच्या प्रमाणपत्रावर जे छापलं जाईल तेच पुढे जन्मभर चालतं. अधिवास प्रमाणपत्र काढून ठेवा. आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर जात पडताळणीच्या अर्जाला सहसा कॉलेजचं पत्र जोडावं लागतं. तुमच्याकडे कॉलेज नाही, म्हणून जिल्ह्याच्या समितीच्या कार्यालयात जाऊन मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यानं काय करायचं हे आधीच विचारून घ्या. ऐन प्रवेशाच्या वेळी या एका कागदापायी मुलांची जागा जाते.

पुढच्या महिन्यात एवढंच करा: दाखला, दोन अभ्यास केंद्रांना भेट, आणि 'गती'चा तो धडा. पॅकेजवाल्याला नाही म्हणून सांगा, आणि त्याचा नंबर यजमानांच्या फोनवरूनही काढून टाका. तिनं दहावीचे विषय ठरवले की मला लिहा, आणि शक्य असेल तर ते पत्र तिला लिहू द्या. विहिरीच्या नोंदींबद्दलही मला तिला काही विचारायचंय.

तुमची,
सल्लागार ताई